जोडीचा ड्राइव्ह



१९७० सालचा उन्हाळा सरता सरता न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये एक नवाकोरा पीडीपी-११ संगणक येऊन दाखल झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना त्यावर आपली युनिक्स ही कार्यप्रणाली चढवायची होती. प्रोसेसर आला, डिस्क मात्र आली नाही. पीडीपी-११ बाजारात इतका नवा होता की त्याला लावायची डिस्क डिसेंबरपर्यंत मिळालीच नाही. मधले तीन महिने ते यंत्र बहुतेक वेळ कोपऱ्यात बसून बुद्धिबळाच्या सहा बाय आठ घरांच्या पटावर घोड्याच्या फेऱ्या शोधत होतं. प्रत्येक घराला एकदाच शिवून निघाल्या घरी परत येणाऱ्या सगळ्या फेऱ्या. रिचींनीच पुढे हे लिहून ठेवलं आहे.

मला ही हकिगत फार मोलाची वाटते. त्या काळातली दोन अव्वल माणसं, त्यांच्या हातात उत्तम प्रोसेसर, आणि तरी काम अडलेलं. डिस्क नसेल तर यंत्राला मोजता येतं, पण काही साठवून ठेवता येत नाही. आज जगभरातले काही लोक हे जुने मिनीकॉम्प्युटर पुन्हा चालते करतात, आणि त्यांचंही घोडं नेमकं इथेच अडतं. माझं आजचं सांगणं असं की जुना मिनीकॉम्प्युटर खऱ्या अर्थाने दुरुस्त होतो तो त्याच्या जोडीच्या डिस्कवरून आपला आपण उठतो तेव्हा. आणि जोडीचा ड्राइव्ह कशाला म्हणायचं, हे प्लग बसतो की नाही एवढ्यावरून ठरत नाही. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते उपकरण उघडल्याशिवाय त्याविषयी बोलू देत नसत. म्हणून मीही आज झाकण काढूनच बोलणार आहे.

थोडी पार्श्वभूमी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ही कंपनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड या गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत सुरू झाली. १९६५ मध्ये तिने पीडीपी-८ हा १२ बिटांचा संगणक १८,००० डॉलरना विकायला काढला. तोवर संगणक म्हणजे वेगळं दालन, वेगळा कर्मचारीवर्ग, आणि आपली कार्डं खिडकीतून आत देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला येणं. पीडीपी-८ आल्यावर विद्यापीठातला एखादा विभाग, एखादी प्रयोगशाळा स्वतःचा संगणक घेऊ लागली. १९७० मध्ये १६ बिटांचा पीडीपी-११ आला आणि तो कारखान्यांपासून दवाखान्यांपर्यंत सगळीकडे पोहोचला. युनिक्स त्यावर वाढलं. सी ही भाषा त्यावर घडली. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जे चालतं त्याची मुळं त्या रॅकमध्ये आहेत.

असं यंत्र तीस-चाळीस वर्षं बंद राहून हाती आलं, तर पहिला नियम एकच: सरळ स्विच दाबायचा नाही. आधी वीजपुरवठा बाहेर काढायचा, मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासायचे, लागले तर हळूहळू व्होल्टेज चढवून त्यांना पूर्वपदावर आणायचं किंवा सरळ बदलायचं, खोटा लोड लावून ५ व्होल्ट खरंच ५ आहेत का ते बघायचं. मग एकेक कार्ड. या भागावर मी रेंगाळत नाही, कारण तो मेहनतीचा असला तरी अवघड नाही. त्या काळातले लॉजिक चिप आजही मिळतात, नकाशे मिळतात, ऑसिलोस्कोप हाती असेल तर दोष सापडतो. इलेक्ट्रॉनिक्स शेवटी दाद देतं.

डिस्कचं तसं नाही. तिथे चुंबक आहे, हवा आहे, बेअरिंग आहे, रबर आहे, फोम आहे, आणि या सगळ्यांचं वय झालेलं आहे. उदाहरण म्हणून मी आरके-०५ घेतो. हा ड्राइव्ह १९७० च्या दशकात डेकच्या पुष्कळ यंत्रांना लागलेला असे. ड्रॉवरसारखा रॅकमध्ये बसणारा, वजनाला पन्नास किलोच्या आसपास. त्यात समोरून एक काट्रिज, म्हणजे पॅक, सरकवायचं, आत १४ इंच व्यासाची एकच तबकडी. ती मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद. २०३ सिलिंडर, वरखाली दोन हेड, पीडीपी-११ साठी प्रत्येक ट्रॅकवर १२ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला तर ४,८७२ ब्लॉक, २४,९४,४६४ बाइट. अडीच मेगाबाइटसुद्धा पुरते नाहीत. पण १९७५ ची युनिक्सची सहावी आवृत्ती एवढ्यात नांदत असे: ४,००० ब्लॉक फाइलींना, उरलेले ८७२ स्वॅपला. काटकसर म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्याने ही वाटणी बघावी.

आता हा ड्राइव्ह उघडू. हवेच्या मार्गात आणि फिल्टरभोवती फोमच्या पट्ट्या असतात. त्यांचा आता एकतर चिकट लगदा झालेला असतो किंवा भुगा. बोट लावलं की काळं लागतं. हाच भुगा पंख्याच्या हवेबरोबर तबकडीवर जातो. चालत्या ड्राइव्हमध्ये हेड तबकडीला टेकत नाही; तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, आणि मधलं अंतर काही मायक्रॉनांचंच असतं. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा. मग फोमचा एक कण मध्ये आला तर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून फोमचा शेवटचा कण खरवडून काढायचा, नव्या पट्ट्या लावायच्या, फिल्टर बदलायचा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसायची. आणि हेड न उतरवता मोटर नुसती बराच वेळ फिरत ठेवायची, आतली हवा स्वच्छ होऊ द्यायची. या पायरीला घाई करणाऱ्या माणसाने या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत आणखी दोन गोष्टी असतात, त्या नजरेतून सुटतात. एक निकेल-कॅडमियमची बॅटरी. वीज गेली की तबकडी मंदावायच्या आत हेड मागे ओढून घ्यायचं काम तिचं. ती मेलेली असते, कधी फुटून आजूबाजूचा पत्रा खाल्लेला असतो. ती न बदलता ड्राइव्ह चालवला आणि दिवे गेले, तर हेड तबकडीवरच बसतं. दुसरी गोष्ट म्हणजे एक साधा दिवा. हेडचा गाडा नेमका कुठे आहे हे एका रेघांच्या काचेतून जाणाऱ्या उजेडावरून कळतं. तो दिवा अंधुक झाला की गाडा वाट चुकतो, आणि माणूस सगळं सर्किट तपासत बसतो. हल्ली पुष्कळजण तिथे एलईडी बसवतात.

देखभालीच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आणि ती विसरलो नाही. एका ड्राइव्हवर पॅक वाचला जात नाही म्हणून माणूस तोच पॅक दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालतो. पॅकवर ओरखडा असतो, त्याने दुसऱ्या ड्राइव्हचं हेड जातं. मग ड्राइव्ह बिघडला की काय हे बघायला तो त्यात चांगला पॅक घालतो, आणि आता खराब झालेलं हेड चांगला पॅक खातं. तासाभरात एका खोलीतले सगळे ड्राइव्ह आणि सगळे पॅक आडवे होऊ शकतात. तेव्हा सुटे भाग यायचे, कंपनीचा माणूस यायचा. आज त्या हेडची नवी प्रत कुणी बनवत नाही. म्हणून संशयित पॅक आधी प्रकाशात धरून, फिरवून, डोळ्यांनी बघायचा. मशीन नंतर.

आता जोडीचा प्रश्न. समजा तुमच्याकडे पीडीपी-८ आहे आणि तुम्हाला आरके-०५ चा एक सुस्थितीतला पॅक मिळाला. तो चालेल का? काट्रिज तेच, तबकडी तीच, ड्राइव्हही तोच. पण पॅकच्या मधल्या धातूच्या कड्यावर खाचा असतात. सेक्टर कुठे सुरू होतो हे ड्राइव्हला त्या खाचा सांगतात. पीडीपी-११ च्या पॅकवर १२ सेक्टरांच्या खाचा, पीडीपी-८ च्या पॅकवर १६ च्या. धातूत कापलेली गोष्ट सॉफ्टवेअरने बदलत नाही. विकणारा मात्र दोन्हींना आरके-०५ चा पॅक एवढंच म्हणून विकतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी खाचा मोजायच्या.

पुढे अलाइनमेंट. ड्राइव्हने स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येणं ही एक गोष्ट. दुसऱ्या ड्राइव्हने चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं वाचता येणं ही निराळी. हेड ट्रॅकपासून किंचित बाजूला बसवलेलं असेल तर तो ड्राइव्ह आपल्यापुरता उत्तम चालतो आणि बाहेरून आलेला प्रत्येक पॅक नाकारतो. हे जुळवायला कारखान्यात मुद्दाम लिहिलेला अलाइनमेंट पॅक लागतो. तो घालायचा, स्कोप लावायचा, पडद्यावरचे दोन फुगवटे सारख्या उंचीचे होईपर्यंत हेडचा स्क्रू तसूभर हलवायचा. असे पॅक आता फार थोडे उरलेत आणि प्रत्येक वापरात त्यांना धोका आहे. माझ्या मते आज या क्षेत्रातली सगळ्यात दुर्मीळ वस्तू कुठली असेल तर ती ही, संगणकसुद्धा नाही.

आरके-०५ च्या नंतर डेकने आरएल-०१ आणि आरएल-०२ आणले, ५ आणि १० मेगाबाइटचे. यांत हेडला जागा दाखवणाऱ्या खुणा पॅकवरच कारखान्यात लिहिलेल्या असतात. त्यामुळे एका ड्राइव्हचा पॅक दुसऱ्यात सहज चालतो, हा मोठा फायदा. तोटा असा की जुना मजकूर पुसून पॅक नवा करावा म्हणून कुणी त्यावर मोठं चुंबक फिरवलं, तर त्या खुणाही पुसल्या जातात आणि पॅक कायमचा निकामी होतो. ड्राइव्ह त्या पुन्हा लिहू शकत नाही. आणि आरएल-०१ चा पॅक आरएल-०२ च्या ड्राइव्हला चालत नाही, जरी एकाच कंट्रोलरला दोन्ही प्रकारचे ड्राइव्ह एकत्र लावता येत असले तरी. नावातला शेवटचा आकडा म्हणून नीट वाचायचा.

कंट्रोलरचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. युनिबस या डेकच्या बसवर डिस्क कंट्रोलर मेमरीशी थेट बोलतो, आणि त्यासाठी परवानगीची एक रेषा प्रत्येक स्लॉटमधून साखळीने जाते. रिकाम्या स्लॉटमध्ये ती साखळी पुढे जोडणारं छोटं कार्ड हवं. असा कंट्रोलर बसवताना बॅकप्लेनच्या पाठीमागची, सीए-१ ते सीबी-१ अशी गुंडाळलेली एक बारीक तार काढायची असते. कंट्रोलर काढला की ती परत लावायची असते. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी कंट्रोलर काढून नेला आणि तार लावली नाही, तर आज ते यंत्र गप्प बसतं आणि प्रत्येक कार्ड स्वतंत्रपणे तपासलं तर निर्दोष निघतं. शेवटच्या ड्राइव्हवर केबलचं टोक बंद करणारा टर्मिनेटर नसला तरी असाच घोळ. म्हणून मी नेहमी सांगतो, मागच्या बाजूचे फोटो आधी काढा.

नंतरच्या छोट्या डिस्कांमध्येही हीच कथा वेगळ्या रूपात दिसते. डेकचा आरडी-५३ म्हणजे मायक्रोपोलिस कंपनीचा १३२५ हा ड्राइव्ह. पण बाजारात मिळालेला १३२५ डेकचा कंट्रोलर आरडी-५३ म्हणून ओळखेलच असं नाही; त्याच्या बोर्डावर आर-७ या जागी एक जंपर लागतो. आणि त्या ड्राइव्हचा खरा रोग आतला: हेडचा गाडा थांबतो तिथला रबराचा ठोकळा वितळून चिकट होतो आणि हेड त्याला धरून बसतं. मोटर फिरते, दिवा लागतो, हेड हलत नाही. धीट माणसं झाकण काढून त्या रबरावर टेपचा तुकडा चिकटवतात आणि निदान मजकूर उतरवून घेण्यापुरता तो ड्राइव्ह जागा करतात.

एवढं सगळं जुळलं की तो क्षण येतो ज्यासाठी हा खटाटोप. आरके-०५ वरून पीडीपी-११ उठवायला नऊ आकडे पुरतात. पुढच्या पॅनेलवरचे खटके वर-खाली करून ते ऑक्टलमध्ये भरायचे: ०१२७००, १७७४०६, ०१२७१०, १७७४००, ०१२७४०, ०००००५, १०५७१०, १००३७६, ००५००७. पहिल्या दोनांनी कंट्रोलरच्या शब्दमोजणीच्या रजिस्टरचा पत्ता घेतला जातो. पुढच्या दोनांनी तिथे उणे २५६ ठेवले जातात, म्हणजे २५६ शब्द वाचायचे. पाचवा आणि सहावा एक घर मागे सरकून ५ लिहितात: वाच, सुरू कर. सातवा आणि आठवा काम झालं का बघत राहतात. नववा प्रोग्रॅम काउंटर शून्य करतो, आणि डिस्कच्या पहिल्या ब्लॉकमधून येऊन शून्य पत्त्यावर उतरलेला प्रोग्रॅम सुरू होतो. गाडा एकदा पुढे-मागे होतो, ड्राइव्हमधून खट असा आवाज येतो, आणि टर्मिनलवर एक @ उमटतं. मग कर्नलचं नाव टाइप करायचं. त्या एका चिन्हात आधीचं सगळं आलेलं असतं: पुसलेलं हेड, बदललेली बॅटरी, लावलेली तार. मला यापेक्षा सुंदर प्रोग्रॅम माहीत नाही.

यावर एक रास्त प्रश्न येतो. हे सगळं कशाला? एसडी कार्ड लावा आणि मोकळे व्हा. ते करता येतं आणि मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. क्यू-बस या डेकच्याच दुसऱ्या बसच्या यंत्रांसाठी स्कझी कंट्रोलर होते. त्यांना आज स्कझी डिस्कचं सोंग घेणारं कार्ड जोडता येतं आणि संगणकाला काही कळत नाही. युनिबससाठी युनिबोन नावाचं कार्ड आहे. ते एका छोट्या आधुनिक संगणकाच्या मदतीने आरके-०५ काय, आरएल-०२ काय, हवा तो ड्राइव्ह बसवर उभा करतं. आणि यंत्रच नको असेल तर बॉब सपनिक यांनी सुरू केलेला सिमएच, म्हणजे सॉफ्टवेअरमधला संगणक, आहे. सपनिक स्वतः डेकमध्ये वरिष्ठ पदावर होते. माझा शिरस्ता असा: आधी एम्युलेटर, म्हणजे ड्राइव्हचं असं सोंग घेणारं साधन, लावून प्रोसेसर पक्का करायचा, मग खरा ड्राइव्ह टाकाऊ पॅकवर चालवायचा, आणि जगात एकच प्रत असलेला पॅक सगळ्यात शेवटी.

पण एम्युलेटर एक काम करू शकत नाही. तो जुना पॅक वाचू शकत नाही. त्याच्याजवळ हेड नाही. ज्या पॅकवरचा मजकूर कुणी उतरवून घेतलेला नाही, त्याच्यासाठी अलाइनमेंट केलेला, स्वच्छ, जोडीचा ड्राइव्ह हाच एकमेव वाचक आहे. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातला ऑल्टो संगणक घ्या, १९७३ चा. त्याची डिस्क डायब्लो ३१, तीही अडीच मेगाबाइटची. हाच ड्राइव्ह डेकने आरके-०३ म्हणून विकला होता. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने संगणकशास्त्रज्ञ अॅलन के यांच्याकडून आलेला एक ऑल्टो पुन्हा चालता केला. त्यांनी ड्राइव्हच्या जागी उभं राहू शकणारं एफपीजीएचं साधन बनवलं, त्याने यंत्र तपासलं. पण पॅकवरच्या खुणा बिटांत उतरवायला शेवटी खऱ्या डायब्लोचं खरं हेडच लागलं. आज खिडक्या, माउस, एकमेकांना जोडलेले संगणक असं जे आपण वापरतो त्याचं सुरुवातीचं रूप ज्या पॅकांवर लिहिलं गेलं, ते असे वाचले गेले. एखाद्या भाषेचा एकमेव ताडपत्री ग्रंथ ज्या लिपीत आहे ती लिपी वाचणारा शेवटचा माणूस, अशी या ड्राइव्हची जागा आहे.

म्हणूनच सिअॅटलच्या लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियमची बातमी मला जिव्हारी लागली. मायक्रोसॉफ्टचे पॉल अॅलन यांनी उभारलेलं हे संग्रहालय २०१२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे जुनी यंत्रं काचेआड न ठेवता चालू ठेवलेली असत. २०२० मध्ये ते बंद झालं, आणि २०२४ मध्ये संग्रहातल्या वस्तू क्रिस्टीजमध्ये लिलावात निघाल्या. यंत्रं कुणाच्या ना कुणाच्या घरी गेली असतील, जपलीही जातील. पण तिथे ड्राइव्ह कसा चालू ठेवायचा हे ज्यांच्या हातात होतं, ती माणसं विखुरली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला बिटसेव्हर्स हा जुन्या मॅन्युअलांचा आणि नकाशांचा संग्रह आहे. कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या अल कॉसो यांनी तो वर्षानुवर्षं पान पान स्कॅन करून वाढवला. आज मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टींचा पडताळा तिथे घेता येतो. मला विचाराल तर त्या एका संग्रहाने कित्येक यंत्रं वाचवली आहेत.

आणि आता आपल्याविषयी. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात १२ बिटांचा टीडीसी-१२ घडला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. तो १९६९ मध्ये तयार झाला, मग हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचे टीडीसी-३१२ आणि १६ बिटांचा टीडीसी-३१६ आले. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेकचं मोठं यंत्र होतं. ही यंत्रं सांभाळणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांतली काही या सभागृहातही असतील. त्यांनी कामाच्या वह्या ठेवल्या होत्या: कुठल्या ड्राइव्हला काय झालं, कुठला जंपर कुठे लावला, कुठल्या बोर्डावर हाताने काय बदललं. हे कुठल्याही छापील मॅन्युअलमध्ये नाही. अशी वही घरात असेल तर रद्दीत घालू नका. तिचं पान पान स्कॅन करा, आणि ज्या काकांची ती वही आहे त्यांना शेजारी बसवून त्यांच्याकडून अक्षर लावून घ्या.

कधी एखाद्या महाविद्यालयाच्या तळघरात किंवा भंगारवाल्याच्या गोदामात असा ड्राइव्ह दिसला, तर एवढं करा. वीज लावून बघू नका. मॉडेलचा आणि सीरियल नंबरचा, पुढच्या-मागच्या बाजूंचा, केबल जिथे जिथे जाते तिथला फोटो काढा. आत पॅक असेल तर जबरदस्तीने ओढू नका. दाराची कुलूपपट्टी विजेशिवाय सुटत नसेल तर मॅन्युअल बघून हाताने सोडवता येते. हेडचा गाडा वाहतुकीच्या पट्टीने किंवा स्क्रूने जखडा, मगच उचला, आणि उचलायला दोघं लागतात. केबल कापू नका. टर्मिनेटर हा केबलच्या टोकाला लोंबणारा निरुपयोगी ठोकळा वाटतो, तो आधी पिशवीत टाका. पॅक स्पीकर आणि मोटरपासून लांब ठेवा. आणि कंट्रोलरची कार्डं त्याच रॅकमध्ये आहेत का ते वाकून बघा, कारण ड्राइव्ह आणि कार्डं एकदा वेगवेगळ्या ट्रकमध्ये गेली की पुन्हा एकत्र येणं कठीण.